हिरव्या शिवारातील उपासमार

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांनी ‘अशनि संकेत’ ही कादंबरी 1944 पासून क्रमशः लिहिली, तेव्हा 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची धग विझलेली नव्हती. सत्यजित राय यांनी 1973 मध्ये तिच्यावर चित्रपट केला, तेव्हा प्रेक्षकाला पुढे काय होणार हे आधीच ठाऊक होते. त्या दुष्काळामागची कारणे ठाऊक आहेत: 1942 मध्ये जपानने रंगून घेतल्यावर ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे थांबले. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीवरील होड्या आणि धान्यसाठे हलविले, ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले, आणि युद्धखर्चाने भडकलेल्या महागाईला साठेबाजांची जोड मिळाली.

यांतील फारच थोडे पडद्यावर येते. डोक्यावरून विमाने जातात, तांदळाचा भाव चढतो, आणि गावातील एकमेव ब्राह्मण कुटुंबाचा कर्ता गंगाचरण याला आपली प्रतिष्ठा कशावर उभी होती हे हळूहळू उमगू लागते. पौरोहित्य, वैद्यकी आणि शाळा ही त्याची तिन्ही कामे गावाने घातलेल्या शिध्यावर चालत असल्याने, गावकऱ्यांच्या घरातले धान्य संपताच त्याची पत्नी अनंगा हिला ढेकीवर, म्हणजे पायाने दाबून भात कांडण्याच्या लाकडी यंत्रावर, कष्ट करण्याची वेळ येते. उपासमारीने जातिव्यवस्था मोडते असे राय कोठेही सुचवीत नाहीत (तसे सुचविणे सोपे होते). मोती या अस्पृश्य स्त्रीची नाडी गंगाचरण पाहतो, तीही ती मेल्यावर.

दुष्काळाचा चित्रपट इतका देखणा व रंगीत कसा, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो टिकणारा नाही. जमीन करपलेली दाखविली असती, तर दोष निसर्गावर गेला असता. हिरव्यागार शिवारात माणसे भुकेने मरतात, तेव्हा संशय बाजाराकडे आणि सरकारकडे वळतो. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये हेच अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडले: धान्य उपलब्ध असणे आणि ते मिळविण्याची ऐपत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 1943 मध्ये शेतमजूर, कोळी व कारागीर यांची ऐपतच खचली होती.

उणीव आहे ती शेवटी. क्षितिजावरून येणारी भुकेल्यांची छायाकृती आणि त्यानंतर बळींचा आकडा सांगणारी पाटी हे दोन्ही अनावश्यक ठरतात, कारण मोतीच्या मृत्यूने ते काम आधीच केलेले असते. तरीही बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला 1973 मध्येच सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च सन्मान मिळाला.