पैसे मालकाला, नांगर वाटेकऱ्याचा

1933 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेत उभ्या कपाशीवर नांगर फिरला. पीक जोमात होते, पण भाव मेला होता. आदल्या वर्षी तो पौंडाला सहा-सात सेंटांवर आला होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने मे महिन्यात कायदा केला: पेरा घटवा, बदल्यात सरकार पैसे देईल. सुमारे 1 कोटी एकर कपाशी मोडली गेली. (सरीतून चालायची जन्मभर सवय झालेली खेचरे कपाशीच्या ओळींवर पाय टाकेनात, अशी आठवण तिकडे सांगतात.)

हे पैसे काउंटीमार्फत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यामार्फत, वाटले जात आणि कोणी किती एकर सोडायचे ते स्थानिक शेतकऱ्यांची समिती ठरवी. कागदावर ही लोकशाही होती. प्रत्यक्षात आर्कान्सासच्या पॉइन्सेट काउंटीसारख्या भागात समितीवर वजन मळेवाल्यांचे, आणि शेतात राबणारे मात्र वाटेकरी, काळेही आणि गोरेही. 1934 च्या सरकारी करारात पौंडामागे साडेचार सेंट होते. त्यातले चार मालकाला आणि अर्धा वाटेकऱ्याला. तोही मालकाच्या हातून, म्हणजे बहुतेकदा उधारीच्या वहीतच जिरणारा. शिवाय पेरा घटला की माणसेही कमी लागतात. वाटेकऱ्यांची संख्या ‘शक्य तोवर’ कायम ठेवावी, असे करारात लिहिले होते. मालकांना ती पळवाट पुरली.

टायरोन्झा गावाजवळच्या एका मळ्यावरून कुटुंबे हाकलली गेली, तेव्हा जुलै 1934 मध्ये 11 गोरे आणि 7 काळे एकत्र बसले आणि त्यांनी कुळांची संघटना काढली. वर्णभेदाच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पुढाकार घेणाऱ्यांत एकाचे कपडे धुण्याचे दुकान होते, दुसऱ्याचा पेट्रोल पंप. त्यांच्या सभा उधळल्या गेल्या, माणसांना मारहाण झाली. वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्यातल्या काही वकिलांनी करार वाटेकऱ्यांच्या बाजूने वाचला. फेब्रुवारी 1935 मध्ये त्यांचे प्रमुख जेरोम फ्रँक यांच्यासह त्यांना घरी पाठवण्यात आले. दक्षिणेतल्या खासदारांशिवाय रूझवेल्टचे पान हलत नव्हते. त्यामुळे याला अंमलबजावणीतली चूक म्हणणे मला पटत नाही. तो हिशेब होता.

1936 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली. नव्या कायद्यांनी अनुदान परत आले आणि वाटेकऱ्याचा हिस्साही वाढला. मग अनेक मालकांनी वाटेकरीच ठेवला नाही, रोजंदारीचा मजूर ठेवला. मजुराला हिस्सा द्यावा लागत नाही. हाती आलेल्या रोकडीतून ट्रॅक्टर आले.

आपल्याकडेही पैसा मालकाकडेच जातो: 2019 पासून केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला 6,000 रुपये मिळतात, तेही सातबाऱ्यावर नाव असेल तरच. बटाईने किंवा खंडाने कसणाऱ्याचे नाव तिथे सहसा येत नाही. कुळकायद्याने जमीन जाईल या धास्तीने मालक सहसा लेखी करारच करत नाही, सगळा व्यवहार तोंडी. आंध्र प्रदेशाने 2019 च्या कायद्याने अशा कसणाऱ्यांना अकरा महिन्यांचे कार्ड देऊ केले, मालकीला हात न लावता. मालकाची संमती त्यातही आवश्यक ठेवली, म्हणजे उपाय अर्धाच. पण महाराष्ट्राने पुढची कोणतीही रक्कम जाहीर करण्याआधी निदान कसणाऱ्यांची गावनिहाय यादी करावी, आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.