शिलेदाराची सनद

बीडहून धाराशिवकडे जाताना मांजरसुंब्याचा घाट चढून वर आले की बालाघाटाच्या पठारावर चौसाळा हे गाव लागते. या मुलखाचे एकोणिसावे शतक सांगताना आपण निजामाच्या दिवाणांची आणि इंग्रज रेसिडेंटांची नावे घेतो. परंतु ज्याने उमेदीची वर्षे घोड्याच्या पाठीवर आणि उरलेले आयुष्य नांगरामागे काढले, त्या शिपाईगड्याची नोंद करावी असे फारसे कोणाला वाटत नाही, ही आपल्या इतिहासलेखनातील मोठी उणीव होय.

मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, हे हैदराबाद कंटिन्जंटच्या रिसाल्याचे ठाणे होते. फौज निजामाच्या खर्चाची, हुकमत इंग्रज अंमलदारांची. रिसाला शिलेदारी पद्धतीचा असल्यामुळे स्वाराने घोडा व सरंजाम पदरचा आणावा, दरमहा मुशाहिरा घ्यावा आणि त्यातूनच चंदी-वैरण भागवावी, असा रिवाज होता. ज्याच्यापाशी घोडा नाही तो दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसे आणि त्याच्या पगारातील हिस्सा घोड्याच्या धन्याकडे जाई. घोडा ठेवण्याच्या या हक्काला असामी म्हणत, आणि जमिनीप्रमाणे तिचीही खरेदी-विक्री होई. घोडा दगावला की स्वाराची अवस्था ऐन पेरणीत बैल गमावलेल्या कुणब्यासारखी होई.

याच फौजेचा खर्च तुंबला म्हणून २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा मुलूखही निजामाने इंग्रजांच्या हवाली केला, तो १८६० मध्ये परत मिळाला. म्हणजे चौसाळ्याच्या दक्षिणेस, हाकेच्या अंतरावर म्हणावे अशा मुलखात, सात वर्षे निराळा अंमल चालत होता, आणि तेथील रयतेचा सारा या स्वारांच्या पगाराकडे वळत होता. फौजेचा इतिहास शेतसाऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, तो यासाठी.

१८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादेस कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उसळला. पुण्याकडून आलेल्या इंग्रज फौजेने तो मोडला आणि काही शिपायांना प्राणदंड झाला. पुढच्याच वर्षी याच कंटिन्जंटच्या पलटणी व स्वार सर ह्यू रोजच्या सैन्यातून झाशीवर चालून गेले. ज्यांनी हुकूम मोडला त्यांना आज हुतात्मे म्हणावे आणि ज्यांनी पाळला त्यांना फितूर ठरवून गप्प बसावे, हा सोयीचा निवाडा मला मान्य नाही. दोघेही पोटासाठीच चाकरीस गेले होते, आणि दोघांचीही हकिकत आपल्याला ठाऊक असली पाहिजे.

चाकरी सुटल्यावर शिपाई ज्या गावी परते, तेथेही कारभार पालटत होता. १८६५ मध्ये निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्हावार विभागणी, केली, मक्त्याने वसूल करणाऱ्यांची सद्दी ओसरू लागली. आणि पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला, त्यात जनावरांच्या दावणी रिकाम्या झाल्या. या शिपाईगड्याने रोजनिशी लिहिली नाही. त्याचा माग लागतो तो सनदेत, इनाम-चौकशीच्या मुन्तखबात (निकालाच्या उताऱ्यात), सेतवारात (जमिनीच्या नोंदपत्रकात), क्वचित देवळातल्या एखाद्या दानलेखात. हे कागद फारसीत, मोडीत, १८८४ नंतर पुष्कळसे उर्दूत आहेत, आणि ते वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. १९५४ च्या कायद्याने हैदराबाद राज्यातील इनामे खालसा झाली, तेव्हा कागदाचे मोलही संपले असे अनेक घराण्यांनी धरले. वस्तुतः कचेरीतले मोल संपले. इतिहासातले तेव्हापासून वाढले आहे.

म्हणून चौसाळा, नेकनूर, केज, अंबाजोगाई या परिसरातील वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. आजोबांच्या पेटीतला जुना कागद रद्दीत घालू नका आणि लॅमिनेशन करून कायमचा बिघडवूही नका. त्याची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढा, तो कोणत्या घराण्याचा व कोणत्या शेताचा हे वेगळ्या कागदावर लिहा, आणि एक प्रत छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयास किंवा तेथील विद्यापीठाच्या इतिहास विभागास द्या. मूळ कागद आपल्याच घरी राहू द्या.