विश्लेषण : खान्देशच्या उन्हात कुत्र्याला नुसता पंखा का पुरत नाही?

मे २०२४ मध्ये जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ चा आधार घेत २५ मे ते ३ जून या काळासाठी आदेश काढला. भर उन्हात कामगारांना राबवू नये, खासगी क्लासच्या वेळा बदलाव्यात, असा त्याचा रोख होता. माणसाची दुपार अशी कायद्याच्या कक्षेत आली. मुक्या जनावराची दुपार मात्र अजूनही मालकाच्या मर्जीवर आहे. अनेकदा मालकाची माया असते, पण उपाय चुकतो.

पंखा का चालत नाही?

पंख्याखाली माणसाला गार वाटते ते घामामुळे. वाऱ्याने घाम उडतो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या गाद्यांपुरताच. त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर असते. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा उडून रक्त थंड होते. कूलरच्या ओल्या जाळीचेही काम असेच चालते. त्यामुळे कोरड्या केसांवर पंखा सोडला, तर कुत्र्याला मिळतो तो फक्त गरम वारा. पोट, मांड्या आणि पंजे ओले करून मग पंखा लावला, तर फरक पडतो. पॉमेरेनियनसारख्या दाट केसांच्या कुत्र्याचे मुंडण करण्याचीही गरज नाही. ते केस ऊन थेट कातडीवर येऊ देत नाहीत. विंचरून गळलेले केस काढले तरी पुरे.

मे वाईट की जून?

बहुतेकांचे उत्तर मे असते. पण खान्देशचा मे कोरडा असतो. अशा हवेत कूलर जोरात चालतो आणि धापही कामी येते. जूनच्या सुरुवातीला ढग येतात, पारा ३८-३९ वर उतरतो आणि घरोघरी सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. हवा दमट झाल्यामुळे कूलर मात्र नुसते पाणी फिरवत राहतो. कुत्र्याच्या धापेचेही तेच होते. ओलावा उडतच नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावरचे हे दिवस जास्त फसवे. कूलरने खोली गार होईनाशी झाली की कुत्र्यालाही तेवढेच जड जात आहे, असे खुशाल समजावे.

संध्याकाळची फेरी का टाळावी?

ब्रिटनमधील रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्यांच्या उपचार-नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उष्माघाताच्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांचे कारण उन्हात बांधून ठेवणे नव्हते, बंद गाडीही नव्हती. कारण होते धावणे, चालणे, खेळणे. तेही ब्रिटनच्या हवेत! आपल्याकडे ऑफिसातून आल्यावर सहा-साडेसहाला कुत्र्याला बाहेर काढायची पद्धत आहे. त्या वेळी सूर्य कललेला असतो, पण डांबर आणि काँक्रीट दिवसभरची उष्णता ओकत असतात. माणसाच्या पायात चप्पल असते आणि डोके पाच फुटांवर. कुत्रा अनवाणी असतो आणि त्याचे पोट रस्त्यापासून वीतभर अंतरावर. तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी. टेकवत नसेल, तर फेरी रद्द. खरी वेळ पहाटेची, सूर्य उगवण्याआधीची.

दुपारच्या जागेचाही विचार हवा. पत्र्याच्या शेडखाली सावली दिसते, पण तापलेला पत्रा वरून भाजत असतो. गच्चीवर तर कुत्रा बांधूच नये. रावेर-यावलकडे केळीला गरम वारा लागू नये म्हणून बागेच्या कडेला हिरवी नेट लावतात. तसलीच नेट शेडवर हातभर अंतर सोडून ताणली, तर पत्रा तापणेच कमी होईल. पाण्याचे भांडे स्टीलपेक्षा मातीचे बरे. सावलीत दोन ठेवावीत, एक सांडले तरी दुसरे असते.

कोणत्या जातींना धोका जास्त?

त्याच संशोधकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात लॅब्रॅडॉरच्या तुलनेत बुलडॉगला उष्माघाताचा धोका १४ पट आढळला. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींमध्ये धापेचा रस्ताच अरुंद असतो. हस्की तर सायबेरियाच्या बर्फातला. ज्या घरात दुपारी एसी चालत नाही, त्या घराने फोटो पाहून हस्की आणणे ही हौस नव्हे, क्रूरता आहे.

झटका आला तर?

धाप थांबत नाही, घट्ट लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, चाल अडखळते किंवा उलटी होते, ही लक्षणे. मांजराने तोंड उघडून धापा टाकल्या, तर तोही इशाराच. आधी गार करावे, मग गाडीत घालावे. नळाचे साधे पाणी अंगावर ओतत राहावे आणि जोडीला पंखा लावावा. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये. घरातली तापाची गोळी तर अजिबात देऊ नये. हा ताप नव्हे, त्यामुळे ती उपयोगाची नाही. मांजराच्या पोटात पॅरासिटामॉल गेले, तर ते जिवावर बेतते. कुत्रे सावरल्यासारखे दिसले तरी डॉक्टरांना दाखवावेच. मूत्रपिंडाला झालेली इजा एक-दोन दिवसांनी समोर येऊ शकते. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

कायदा काय म्हणतो?

ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. पारा ३७ अंशांच्या वर जातो अशा भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत बैल, घोडे, गाढवे यांना कामाला जुंपता येत नाही. जळगाव-धुळ्यात एप्रिल-मेच्या जवळपास प्रत्येक दुपारी हा नियम लागू होतो. पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी अशी वेळ ठरवलेली नाही. पण पुरेसे पाणी आणि निवारा न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये, म्हणजे उसाच्या रसाच्या दोन-तीन ग्लासांएवढा. हा आकडा वाढवायला कायदा बदलावा लागेल. १२ ते ३ चा नियम मात्र आहे तसाच पुन्हा जाहीर करून बाजार समितीच्या फाटकावर लावायला उन्हाळ्याच्या आदेशात एक ओळ पुरे. ती एप्रिल उजाडण्याआधी निघायला हवी.