इतर हक्कांत न आलेली माणसं

मी राहतो ती जागा पूर्वी मसणवट होती. घर घेतानाच मला हे ठाऊक होतं. भूमी अभिलेख खात्यात नोकरी करून निमतानदार म्हणून मी निवृत्त झालो, आणि या गटाची जुनी मोजणी आमच्याच कचेरीतून झालेली. टिपणाच्या कडेला कुण्या भूकरमापकाने पेन्सिलीने ‘प्रेते पुरतात’ असं लिहून ठेवलं होतं. एवढीच काय ती नोंद. सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना कोरा. पुढे जमीन बिनशेती झाली, प्लॉट पडले आणि सोलापूरच्या हद्दवाढीत आलेल्या या माळावर रो-हाउसच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. विकणाऱ्याने शेजाऱ्यांपैकी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं ते राहायला आल्यावर, दूधवाल्याकडून.

मग व्हायचं ते झालं. कुणी दाराला काळी बाहुली बांधली, कुणी पुन्हा वास्तुशांत केली. एकांच्या घरातले दिवे रात्री मिचमिचायचे, त्यासाठी गाणगापूरची वारी झाली. अखेर वायरमनने मीटरजवळचा ढिला न्यूट्रल आवळला आणि दिवे स्थिर झाले. वारीचं पुण्य पदरात पडलं ते वेगळं.

आम्ही लिंगायत. आमच्यात दहन नाही. माझ्या आजोबांना मांडी घालून बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, विभूती आणि बेलाची पानं घालून मातीआड केलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. त्यामुळे जमिनीखाली माणूस आहे म्हटल्यावर मला भीती वाटत नाही. आणि पुरण्याची रीत काही आमची एकट्यांची नव्हे. मुसलमान आणि ख्रिस्ती तर आहेतच. गोसावी, नाथपंथी, महानुभाव हेही पुरतात. दहन करणाऱ्या घरांतही तान्ह्या बाळाला बहुतेक ठिकाणी मातीच देतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावाच्या कडेला घर बांधा, खाली कुणी ना कुणी असण्याचा संभव आहेच.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी इनामगावबद्दल वाचावं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी हे मोठे पुरातत्त्वज्ञ त्या कामात होते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी आपली माणसं घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मूल गेलं, तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून निजवत आणि त्याचे पाय घोट्याखाली तोडत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून तसं करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आपण भूत घरात येऊ नये म्हणून धडपडतो, त्यांची धडपड उलटी होती. एक जण तर चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला, तोही पायांसकट. तो आमच्यापैकी होता असं मी म्हणत नाही, पण त्याचं चित्र पाहिलं तेव्हा मला आजोबा आठवले.

तेव्हा भुताखेतांचा विषय माझ्यापुरता इथेच संपला. अशा जागेत खरा धोका असतो तो पायाला. खोदून पुन्हा भरलेली माती आजूबाजूच्या जमिनीइतकी घट्ट बसत नाही. वर जोतं आलं की भार पडतो, माती एकीकडे दबते आणि भिंतीला तिरकी भेग जाते. आमच्याकडच्या काळ्या मातीत तर आधीच पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात आकसणं चालू असतं. उपाय साधा आहे. चार-पाच ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्यायचे आणि पाया मुरमापर्यंत, जमलं तर खडकापर्यंत न्यायचा. पण जागा काय होती हे सांगितलंच नाही, तर इंजिनिअर तरी खड्डे कशाला घेईल? आमच्या रांगेतल्या तीन घरांना भेगा गेल्या. त्यांतल्या एकाने भेग बुजवण्याआधी नारळ फोडला.

आता कागदाकडे येतो, कारण माझा राग तिथे आहे. लोक सांगतात, ‘वकिलाचा सर्च रिपोर्ट आहे, बँकेने कर्ज दिलंय, महारेराच्या संकेतस्थळावर टायटल चढवलंय, मग भ्यायचं कशाला?’ सर्च साधारण मागच्या तीस वर्षांचा काढतात. त्यात खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं दिसतात. मेलेल्या माणसाने दस्त नोंदवलेला नसतो. पुरणं बंद होऊन चाळीस वर्षं झालेली जागा अशा रिपोर्टात स्वच्छ निघते, आणि वकिलाची त्यात काही चूकही नसते.

तसं दफनाच्या जागेची नोंद करणं सरकारला अगदी अनोळखी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 नुसार सरकारी जमीन स्मशान किंवा दफनभूमीसाठी नेमून देता येते. ज्यांना ती मिळाली त्यांची नोंद झाली, म्हणून त्यांची जागा टिकण्याला आधार आहे. पण डवरी गोसाव्यांसारख्या फिरत्या जमातींना गावोगाव कुणी दफनभूमी नेमून दिली? कुण्या पाटलाने किंवा इनामदाराने ‘त्या कोपऱ्यात पुरा’ म्हणून तोंडी सांगितलं आणि तीन पिढ्या तेच चाललं. पाटलाच्या नातवाने जमीन विकली, कोपरा गेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 प्रमाणे दफनाच्या जागेत अतिक्रमण करणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मात्र भावना दुखावण्याचा उद्देश होता, किंवा त्या दुखावतील याची जाणीव होती, हे सिद्ध करावं लागतं. ज्याची कुठे नोंदच नाही त्या जागेबद्दल ‘मला काय माहीत’ म्हणणं किती सोपं!

आमच्या कुंपणाच्या भिंतीशी दर वर्षी सर्वपित्रीला एक म्हातारा येतो. भिंतीच्या मुळाशी पाणी घालतो आणि नारळ वाढवतो. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी करणीचा माणूस समजून त्याला हाकलला. मी गाठून विचारलं, तर म्हणाला, ‘सायेब, आमचा आजा हाय हितं. तुमच्या ओट्याखाली का रस्त्याखाली, ते काय आता सांगता येत न्हाई.’ आता आमची ही त्याला ओट्यावर बसवून चहा देते. खरेदीखत माझ्याकडे आहे, आणि आजा त्याचा. त्याला विचारायला मात्र कुणी गेलं नव्हतं, ना विकणारा, ना बिनशेती करणारी कचेरी. ती कचेरी आमच्याच महसूल खात्याची.

माझी पुतणी सिंगापूरला बिदादारी नावाच्या वसाहतीत भाड्याने राहते. तिथे 1907 पासून ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदूंची मोठी दफनभूमी होती. ती 1972 ला बंद झाली. 2001 ते 2006 या काळात सरकारने सुमारे 58 हजार ख्रिस्ती आणि 68 हजार मुस्लिम कबरी उकरून जागा मोकळी केली आणि पुढे तिथे सरकारी गृहनिर्माणाच्या इमारती उभ्या राहिल्या. हे काही फार हळुवार काम नव्हे. लोकांच्या मनात त्याची सल आहे, आणि नव्या दफनालाही सिंगापुरात 1998 पासून पंधराच वर्षांची मुदत आहे. मला सिंगापूरची आरती ओवाळायची नाही. पण तिथे आधी जाहीर नोटिसा निघाल्या, नातेवाइकांना अवशेष मागता आले, काही जुने शिलालेख एका लहानशा स्मृतिबागेत जपून ठेवले. तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला खाली काय होतं ते माहीत आहे. माझा भाऊ फोनवर काळजीने म्हणाला, ‘अरे, पोरगी स्मशानात राहते.’ मी म्हटलं, ‘मीही तिथेच राहतो. तिच्या स्मशानाचा हिशोब ठेवलेला आहे, माझ्या नाही.’

जमीन अपुरी आहे, शहरं वाढणार आणि जुन्या मसणवटींवर घरं होणारच. त्याला माझी हरकत नाही; मी स्वतः अशाच घरात झोपतो आणि मला शांत झोप लागते. पण बिनशेतीचा अर्ज आला की ‘या जागेत पूर्वी दफन होत होतं का’ हा प्रश्न तलाठ्याने स्थळपाहणीत गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलाच पाहिजे आणि उत्तर पंचनाम्यात उतरलं पाहिजे. उत्तर होय आलं, तर खोदाईआधी जाहीर नोटीस निघावी, संबंधितांना अवशेष हलवायला वेळ मिळावा आणि विक्रीच्या करारात तसं कलम असावं. घराचा भाव दोन पैसे उतरला तर उतरू दे. ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांना गावाने पर्यायी जागा नावावर करून द्यावी, आणि ती कलम 22 खाली नोंदवून, तोंडी नव्हे.

आणि घर घेणाऱ्यांना सांगतो, इसार देण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. त्या गटाच्या जुन्या टिपणाची आणि गावनकाशाची नक्कल मागा. ती घेऊन गावच्या जुन्या कोतवालाकडे जा, कारण पेन्सिलीची अक्षरं नकलेत उमटत नाहीत.