संस्कार हवा, सक्ती नको

लग्नसराई आली की घरोघरी एक प्रश्न हमखास विचारला जातो, "यंदा तरी मुलीचे जमवणार ना?" मुलगी सुशिक्षित असो, कमावती असो, वृद्ध माता-पित्यांचा आधार असो, तिशी उलटताच तिची सारी कर्तबगारी या प्रश्नापुढे फिकी ठरते. विवाह झालाच, तर वर्षभरात 'गोड बातमी'ची चौकशी सुरू होते. विचारणारे आप्तच असतात, हेतूही वाईट नसतो. परंतु जाच व्हायचा तो होतोच.

कोल्हापूरचा वारसा याहून उदार आहे. १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजीराजे यांचे शिकारीत अपघाती निधन झाले आणि इंदुमतीदेवींना बालवयातच वैधव्य आले. आदल्याच वर्षी संस्थानात विधवा-पुनर्विवाहाचा कायदा करणाऱ्या महाराजांनी विरोध पत्करून सुनेच्या शिक्षणाची सोय सोनतळी येथे केली. पुढे याच राणीसाहेबांनी कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे कार्य उभे केले. याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन सर्व ग्रामपंचायतींना केले.

विधवेचा सन्मान मान्य करणाऱ्या समाजाने अविवाहितेला मात्र अपुरी का मानावे? दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे : स्त्रीची प्रतिष्ठा पतीवर अवलंबून असते. परंपरा तसे सांगत नाही. हारीताने स्त्रियांचे 'ब्रह्मवादिनी' आणि 'सद्योवधू' असे दोन मार्ग सांगितले आहेत. लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ साली वर्धा येथे स्थापन केलेल्या राष्ट्र सेविका समितीच्या प्रचारिका अविवाहित राहून आयुष्य कार्याला वाहतात. त्यांच्यापुढे आदराने हात जोडणाऱ्या घरांत स्वतःच्या लेकीचा तसा निर्णय मात्र संकट का वाटावा?

कुटुंबसंस्था टिकली पाहिजे, ही चिंता रास्तच आहे. परंतु लोकलाजेपोटी उरकलेल्या विवाहाने कुटुंब टिकत नाही. दोन घरे मात्र दुःखी होतात. विवाह हा संस्कार आहे आणि मन नसताना संस्कार होत नाही. मुलीला स्थळ सुचवावे, तिच्याशी मोकळेपणाने बोलावे; तिने नकार दिल्यास तो शांतपणे स्वीकारावा. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घराघरांतून अविवाहित ताई-मावशांनाही सन्मानाने बोलवावे. कुटुंब जपण्याचा प्रारंभ तेथूनच होईल.