ज्यू किशोरांना किब्बुत्झचा इतिहास कसा शिकवावा ?

शेतीचा इतिहास पुस्तकातून शिकविता येतो. शेती मात्र केवळ पुस्तकातून कळत नाही. इस्रायलमधील शाळांत, तसेच अन्य देशांतील ज्यू समाजाच्या युवक-संघटनांत व उन्हाळी शिबिरांत किशोरवयीन मुलामुलींना आद्य स्थलांतरितांची आणि त्यांच्या सामुदायिक शेतीची माहिती आवर्जून दिली जाते. पुढे जाऊन वाट मोकळी करणारा, या अर्थी त्या स्थलांतरितास हिब्रू भाषेत ‘हलुत्स’ म्हणतात. परंतु ही माहिती बहुधा वीरकथेच्या स्वरूपात मुलांपुढे येते. दलदल होती, तंबू ठोकले, रात्री गाणी गाइली आणि ओसाड भूमीत बागा फुलल्या, एवढ्यात कथा आटोपते. अशी कथा ऐकून मुलांच्या मनात आदर उपजतो. पण समज उपजत नाही. मोठेपणी कथेतील उणिवा ध्यानी आल्या म्हणजे तो आदरही टिकत नाही. म्हणून या शिक्षणाची पद्धत बदलणे अगत्याचे आहे.

दगान्याचा धडा

पहिला किब्बुत्झ कसा जन्मास आला, हेच उदाहरण घ्यावे. १९०४ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून जे ज्यू तरुण पॅलेस्टाईनमध्ये आले, त्यांतील पुष्कळांना शेतीचा काहीच अनुभव नव्हता. गालील सरोवराच्या काठी किन्नेरेत येथे १९०८ मध्ये एक प्रशिक्षण-शेत सुरू झाले. तेथील कृषितज्ज्ञ व्यवस्थापक आणि मजूर यांचे पटेना. अखेरीस वसाहतीचे काम पाहणारे आर्थर रुप्पिन यांनी जवळच्या उम्म जुनी येथील जमीन एका लहान गटास स्वतःच्या जबाबदारीवर कसावयास दिली. पुढे १९१० च्या ऑक्टोबरात दहा पुरुष व दोन स्त्रिया यांचा गट तेथे आला. तीच दगान्या ही वसाहत होय.

यावरून असे दिसून येते की, किब्बुत्झ हा कोणा विचारवंताच्या ग्रंथातून तयार होऊन आला नाही. कामावर हुकूम कोणाचा, नफा-तोट्याचा धनी कोण, या शेतावरच्या रोजच्या भांडणातून तो निघाला. नंतरचे प्रश्नही असेच कामातून आले. स्त्रियांच्या वाट्यास केवळ स्वयंपाक व धुणे का यावे, असा प्रश्न निघाला. मिरियम बाराट्झ यांनी शेजारच्या अरब स्त्रियांकडून धार काढण्याचे काम शिकून घेतले आणि गोठ्यात आपले स्थान मिळविले. मूल जन्मास आले तेव्हा त्याचे संगोपन आईने करावे की सर्वांनी, हा वाद उभा राहिला. काहींना सामुदायिक जीवन मानवले नाही. त्यांच्यापैकी काहीजण पुढे १९२१ मध्ये स्थापन झालेल्या नहलाल या मोशावात गेले. तेथे प्रत्येक कुटुंबाची शेती वेगळी आणि खरेदी-विक्री मात्र सहकारी, अशी रचना होती. सहकारी संस्थेचा सभासद असलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यास ही रचना सहज उमजेल.

हिवतापाविषयीही हेच म्हणता येईल. निलगिरीची झाडे लावल्याने दलदल हटली आणि रोग गेला, असे मुलांना सांगितले जाते. झाडे लावली गेली हे खरे. तथापि हिवताप खऱ्या अर्थाने आटोक्यात आला तो इस्रायल क्लिगलर या शास्त्रज्ञाने १९२२ पासून चालविलेल्या कामामुळे. डासांच्या पैदाशीच्या जागा शोधणे, पाण्याचा निचरा करणे, पुन्हा पुन्हा पाहणी करणे आणि गावकऱ्यांना त्यात सहभागी करून घेणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. या कामात गाण्यास विषय होईल असे काही नाही. परंतु शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

काम, हिशेब आणि सभा

मुलांना हे सर्व कसे द्यावे, याचे उत्तर त्याच इतिहासात आहे. रेखा फ्रायर यांनी जर्मनीतील ज्यू किशोरांना पॅलेस्टाईनमध्ये धाडण्याची योजना आखली. हेन्रिएट्टा सोल्ड यांनी तिचा कारभार सांभाळला. या योजनेचा पहिला गट १९३४ च्या फेब्रुवारीत एन हरोद या किब्बुत्झमध्ये पोहोचला. दिवसाचा काही भाग अभ्यास आणि काही भाग शेतावरील काम, असा त्यांचा क्रम होता. घर सुटलेल्या त्या मुलांना केवळ व्याख्यानांनी उभे करता आले नसते.

आजच्या मुलांसाठी याच मार्गाचे लहान रूप योजता येईल. पंधरा-वीस मुलांच्या गटास एक दुनम, म्हणजे एक हजार चौरस मीटर, जमीन एका हंगामापुरती द्यावी. महाराष्ट्रातील हिशेबाने हे क्षेत्र दहा गुंठ्यांच्या जवळपास भरते. तीत काकडी, टोमॅटो यांसारखे लवकर हाती येणारे पीक घ्यावे. बियाणे, खत व पाणी यांचा खर्च मुलांनीच वहीत मांडावा. आठवड्यातून एकदा सभा भरवावी. जो कामास आला नाही त्याचे काय करावयाचे, अवजार मोडले त्याचा भुर्दंड कोणी सोसावयाचा, आलेले पैसे सारखे वाटावयाचे की कामाच्या मानाने, हे सारे निर्णय सभेत व्हावेत. मार्गदर्शकाने पीक वाचवावे, निर्णय मात्र देऊ नये. हंगामाच्या शेवटी दगान्याचा इतिहास वाचावयास दिला, तर त्यातील प्रत्येक वाद मुलांना ओळखीचा वाटेल.

दुसरी बाजू

हा इतिहास शिकविताना अप्रिय भाग गाळता कामा नये. इझ्रेल खोऱ्यातील मोठे क्षेत्र बैरुतच्या सुर्सुक या जमीनदार घराण्याकडून विकत घेण्यात आले. व्यवहार कायदेशीर होता. परंतु ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या अरब कुळांना ती सोडावी लागली. कूळकायद्यासाठी झगडलेल्या शेतकऱ्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. त्याचप्रमाणे १९१२ मध्ये येमेनमधून आलेले काही ज्यू किन्नेरेत येथे सरोवरकाठी राहिले. हिवतापात माणसे गमावूनही ते तेथे राबले. तरीही त्यांना कायम जमीन मिळाली नाही आणि १९३० मध्ये त्यांना तेथून हलविण्यात आले. समतेसाठी उभारलेल्या चळवळीच्या शेजारीच हे घडले, हे मुलांना कळावयास हवे.

कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांतील मुलांच्या दृष्टीने तर हे विशेष महत्त्वाचे आहे. त्यांचे पूर्वज १९४८ नंतर तेथे गेले. आद्य वसाहतींच्या कथेत ते नाहीत. पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणून ते कोकणात ओळखले जात आणि पेणकर, किहीमकर, रोहेकर ही गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी तेथेही जपली. श्रमाचा वारसा केवळ युरोपातून आला, असे या मुलांना वाटू देणे अन्यायाचे होईल.

किब्बुत्झही पूर्वीचा राहिलेला नाही. १९८० च्या दशकातील महागाई, चढे व्याज आणि कर्ज यांनी अनेक वसाहती खिळखिळ्या झाल्या. मुलांनी पालकांपासून वेगळे, बालगृहात झोपण्याची प्रथा १९९० च्या दशकाअखेर संपुष्टात आली. खुद्द दगान्याने २००७ मध्ये कामानुसार वेतनाची पद्धत स्वीकारली. वीरकथेवर वाढलेल्या मुलास हा पराभव वाटेल. ज्याने दहा गुंठ्यांच्या उत्पन्नाची वाटणी करताना सभेत वाद घातला आहे, त्याला मात्र कळेल की १९१० मध्ये आणि २००७ मध्ये माणसे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधीत होती. तो प्रश्न मुलांच्या हाती जसाच्या तसा देणे, हेच या शिक्षणाचे खरे कार्य होय.