उंबरठ्यावरील दिवा

वर्गांत मीं तीस वर्षें एक विधान निःशंकपणें सांगितलें: मेंदूची पेशी एकदां गेली, कीं तिच्या जागीं दुसरी येत नाहीं. सान्तियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश पंडिताचें तें मत. 1906 सालचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पुरुषाचा शब्द कोण मोडणार? परंतु सत्यापुढें गुरुवाक्यानेंही नमावें लागतें. म्हणून आज ती चूक दुरुस्त करतों.

सस्तन प्राण्यांच्या मेंदूंत कांहीं ठिकाणीं ‘मूलपेशी’ असतात. आपल्यासारख्याच पेशी वाढविणें आणि प्रसंगीं मज्जापेशींना जन्म देणें, हीं त्यांचीं दोन कार्यें. पण केव्हां कोणतें करावें, हें त्यांना सांगतो कोण? 2000 सालीं फ्रेड गेज प्रभृतींना असें आढळलें, कीं विभागणाऱ्या पेशींचे पुंजके सूक्ष्म रक्तवाहिन्यांना लगटून असतात. पुढें 2004 सालीं अमेरिकेंत सॅली टेंपल यांच्या प्रयोगशाळेनें उंदरांच्या मूलपेशी पात्रांत ठेवून त्यांच्या शेजारीं रक्तवाहिनीच्या आंतील अस्तराच्या पेशी ठेविल्या. मध्यें सच्छिद्र पडदा. स्पर्श नाहीं, केवळ पाझरणाऱ्या द्रव्यांचा संबंध. तो शेजार असेपर्यंत मूलपेशी वाढत राहिल्या, पण बहुतेक पक्व झाल्या नाहींत. शेजार दूर करतांच त्यांतून एरवींपेक्षां अधिक मज्जापेशी उपजल्या.

आपल्याकडे देहलीदीपन्याय प्रसिद्धच आहे. उंबरठ्यावरील दिवा घर उजळतो आणि अंगणही. रक्तवाहिनीची भिंत तशीच: रक्ताला वाट देते आणि शेजाऱ्यास सूचनाही देते.

आतां घरची गोष्ट. माझे ज्येष्ठ बंधु अर्धांगवायूनें अंथरुणास खिळून दोन वर्षें झालीं. मी हें वाचून दाखवितांच चिरंजीव म्हणाले, “नाना, मूलपेशींचे उपचार करणारे एक ठिकाण मला ठाऊक आहे. शेताचा तुकडा विकूं, पण अण्णाकाकांना तेथें नेऊं.”

‘नको’ म्हणतांना माझाच कंठ दाटला. परंतु उंदरांच्या पेशींवर पात्रांत केलेला प्रयोग म्हणजे औषध नव्हे. प्रौढ मनुष्याच्या मेंदूंत नव्या मज्जापेशी जन्मतात कीं नाहीं, याविषयींच शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. ज्ञान झालें, तरी उपाय हातीं येण्यास काळ लागतो. त्या मधल्या काळांत आशेचा बाजार मांडणारे पुष्कळ भेटतात. वाचकांनीं सावध असावें.

चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. सायंकाळीं पाहतों, तों डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम ते अण्णांच्या हाताला धरून करवीत होते. शेजार आपल्याला देतां येतो. तेवढा तरी चुकवूं नये.